साहेबांच्या गाडीतला आमचा भुऱ्या

साहेबांची गाडी सांभाळायला घेणं, ही माझ्या भित्र्या आयुष्यातली एकमेव धाडसी गोष्ट.

(तीही धाडसाने केली नाही. नाही म्हणायची भीती वाटली म्हणून केली.) आमच्या ऑफिसचे साहेब, मिस्टर पार्सन्स, सुट्टीवर लंडनला निघाले होते, त्यांच्या गॅरेजचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं होतं आणि माझ्या कॉन्ट्रॅक्टच्या रिन्यूअलवर त्यांची सही व्हायची होती. "हबीबी, तुझ्या बिल्डिंगला बेसमेंट आहे ना?" त्यांनी विचारलं. साहेब गोरे असले तरी आखातात चांगलेच मुरलेले. गाडी म्हणजे हिरवी, उघड्या टपाची, दोन सीटची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. "एक दिवसाआड इंजिन सुरू कर. आलो की सही करतो, खलास!" चावी घेताना मी जरा लोणी लावलं. "सर, व्हॉट अॅन इंजिन! नक्की लढाऊ विमानाचं असणार!" साहेब नुसतेच हसले.

गाडी शारजातल्या अल नहदाच्या आमच्या बेसमेंटमध्ये आली आणि माझी झोप गेली. सही नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर बायको मंजू, लेक सई आणि मी, तिघंही सामानासकट कोल्हापूरला! मी गाडीभोवती घरातल्या सगळ्या उशा रचल्या. (आम्ही टॉवेलच्या घड्या डोक्याखाली घेऊन झोपलो.) शेजारच्या गाडीचं दार उघडताना दिसलं तरी मी धावत मध्ये जाऊन उभा राहायचो. त्यात वाळव्याहून सासूबाई आलेल्या, व्हिजिट व्हिसावर. तो कधी संपतो हे मी कॅलेंडरात रोज बघत होतो.

भीतीने इतके दिवस मी चावीला हातच लावला नव्हता, आणि साहेब परतणार होते त्या सकाळी गाडी सुरूच होईना! चावी फिरवली की खर्र-खर्र, आणि मग स्मशानशांतता. माझा शर्ट घामाने अंगाला चिकटला. एवढ्यात लिफ्टमधून सासूबाई उतरल्या. हातात पूजेचं ताट, मागे मंजू आणि सई. त्या दिवशी खंडेनवमी होती.

"आई, हिला हात लावू नका! साहेबांची आहे!"

"साहेबाची झाली म्हणून आजच्या दिवशी बिनपूजेची ठेवायची व्हय? आन् जावईबापू, चोक वढला का?"

"चोक?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मुलगी देताना झालेली चूक त्यांना नव्याने आठवली असावी. ताट मंजूच्या हातात देऊन, पदर खोचून त्या सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. कुठली तरी मूठ ओढली, चावी फिरवली, आणि डग-डग-डग-डग!

"अगं बया! मंजे, ऐक की! ह्यो तर आपला भुऱ्या!"

भुऱ्या म्हणजे सासुरवाडीचा राखाडी, जुना ब्रिटिश ट्रॅक्टर. पेट्रोलवर सुरू करायचा आणि मग रॉकेलवर सोडायचा. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तो चालवत आलेल्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते भीतीचं होतं.

"आई, हळू! रेसची गाडी आहे ही. तिला ट्रॅक्टर म्हणालात तर साहेब मला हाकलून देतील!"

"बाबा, शी इज राइट," सई फोनमधून डोकं न काढता म्हणाली. "सेम इंजिन फॅमिली." मग तिने वाचूनच दाखवलं. महायुद्धानंतर तिकडच्या बऱ्याच छोट्या कंपन्यांना नवं इंजिन घडवणं परवडत नव्हतं. मग कुणी साध्या घरगुती गाडीचं घेतलं, कुणी ट्रॅक्टरच्या इंजिनाचं सख्खं भावंड घेतलं, जरा सुधारलं आणि वर देखणी बॉडी चढवली. "अँड बाबा, एकीत तर आग विझवायच्या पंपाचं इंजिन होतं! सो कूल!"

मला शारजात, बंद बेसमेंटमध्ये, थंडी वाजली.

तोवर बॉनेट उघडून सासूबाईंनी इंजिनाला हळद-कुंकू लावलंसुद्धा! दिव्यांना झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू. त्यांनी नारळ उचलला तसा मी गाडीपुढे आडवा झालो. नारळ जमिनीवर फुटला, पाणी दिव्यांवर उडालं, आणि ते निथळत असतानाच पलीकडे बॅग घेऊन उभे असलेले साहेब मला दिसले. विमानतळावरून थेट गाडीला भेटायला आले होते!

"सर, माय मदर-इन-लॉ," मी मध्ये येत म्हणालो. "टुडे शी हॅज मौनव्रत. नो टॉकिंग."

"साहेब!" सासूबाई गरजल्या. "सेम! माय हाऊस, ट्रॅक्टर! सेम टू सेम!"

मी डोळे मिटले. मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या. मिक्सर न्यायचा की इथेच विकायचा, इथपर्यंत पोचलो. डोळे किलकिले केले, तर साहेब इंजिनावर वाकलेले.

"ह्यांना हे कुणी सांगितलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"नोबडी," सई म्हणाली. "शी हर्ड इट."

साहेब सांगू लागले. त्यांच्या आजोबांच्या शेतावर तसाच राखाडी ट्रॅक्टर होता, त्यावर आजोबांच्या मांडीवर बसून ते चालवायला शिकले होते, आणि तो आवाज कानावर पडावा म्हणूनच ही गाडी घेतली होती. "इथे ज्याला त्याला विमान ऐकू येतं," माझ्याकडे बघत ते म्हणाले. मी झेंडूची पाकळी उचलण्यात मग्न झालो.

शनिवारी साहेबांच्या क्लबच्या जुन्या गाड्या डोंगर ओलांडून खोर फक्कानला निघाल्या. साहेबांच्या शेजारच्या सीटवर कानाला पदर घट्ट बांधून सासूबाई! मागून माझ्या गाडीत मी, पाण्याचे कॅन आणि सगळ्या उशा घेऊन. समुद्रकाठी चहा पिताना साहेबांनी माझ्या कागदावर सही केली आणि क्लबवाल्यांना माझी ओळख करून दिली, "हा त्यांचा जावई."

कॅलेंडर मी अजूनही रोज बघतो. सासूबाईंचा व्हिजिट व्हिसा संपत आलाय, आणि माझी नोकरी त्यांच्यावरच चालू आहे!