काचेचा पक्षी

आमच्या पुतेओली बंदरातल्या निम्म्या नवऱ्या थालुसाच्या हाताखालून लग्नाला गेल्या. गालांना लाली, भुवयांना काजळ, पिकल्या केसांना अक्रोडाच्या सालीचा रंग, सगळं तिच्याच हातचं. स्वतः मात्र कोऱ्या तोंडानं हिंडायची. माझ्या भट्टीशेजारीच तिची खोली. पाव न्यायला आली की बायका चिडवायच्या, दिव्याखाली अंधार म्हणून. ती हसायची आणि पाव घेऊन निघायची. घाई अशी, जसं काही घरी कोणी वाट बघतंय.

तिच्या कोनाड्यात निळ्या काचेचा एक पक्षी होता, मुठीएवढा. आत गालांना लावायची गुलाबी पूड. असे पक्षी भरले की शेपटाचं टोक वितळवून बंद करतात. मोडलं तरच पूड निघते, आणि मोडलेलं पुन्हा जुळत नाही. नवरा हेर्मेरोस धान्याच्या गलबतावर खलाशी. इजिप्तला, आलेक्सांड्रियाला निघताना त्यानं तो दिला होता. मी येईन त्या दिवशी शेपूट मोड, म्हणाला, तोवर नटू नकोस. गलबत परत आलं, तो आला नाही. तापानं आजारी पडून तिकडेच राहिला म्हणे, त्याला आता कैक वर्षं झाली. पुढं एका तेलवाल्यानं, चांगल्या माणसानं, हिला मागणी घातली, तर ह्या बाईनं पक्ष्याकडे बोट दाखवलं. मला तिचा राग यायचा. असलं इमान काय चाटायचंय, असं मी तोंडावर सुनावलं होतं.

परवा एक खलाशी दुकानात पाव खात आलेक्सांड्रियाच्या गप्पा सांगत होता. बोलता बोलता हेर्मेरोसचं नाव निघालं. तिथं त्याचं दोरखंडाचं दुकान आहे, तीन पोरं आहेत. थालुसा माझ्या शेजारीच उभी होती. मी त्या खलाशाला डोळ्यांनी दटावलं, पण त्याला काय कळणार.

तिनं एवढंच विचारलं, "केस पिकले असतील ना त्याचे?"

"छे हो मावशी, काळेभोर आहेत. बायको रंगवते की."

थालुसा पाव न घेताच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आली ती पक्षी घेऊनच. माझ्यासमोर कट्ट्यावर बसली आणि शेपूट मोडलं.

"तू लाव," म्हणाली.

"अगं, माझे हात पिठाचे. तुझ्यासारखं मला कुठलं जमायला?"

"वाईट दिसू दे. सगळ्या गावाच्या गालांना मी हात लावला. माझ्या गालाला कोणाचा हात कधी लागला होता, आता आठवतसुद्धा नाही."

मी हात धुतले. तिनं डोळे मिटून चेहरा वर केला, तिची गिऱ्हाइकं करतात तसा. मला रडू आलं. पूड निघाली ती चिमूटभरच, केव्हाच संपली. पण तिनं डोळे उघडले नाहीत, म्हणून मी रिकामाच हात तिच्या गालावरून फिरवत राहिले.