शिरीष ऑनलाइन दिसत होता

शिरीष गेला त्या सकाळी मी सगळ्या गोतावळ्याला ठणकावून कळवलं, की तो गेलेला नाही. वय वर्षं चौऱ्याहत्तर, निवृत्त शिक्षिका, घरच्या ग्रुपची अ‍ॅडमिन... आणि अक्कल ही एवढी. ग्रुपवर कुणा पुतण्याने हार घातलेला फोटो टाकला होता, ‘शिरीषदादा पहाटे गेले, एक वाजता केडगावला अंत्यसंस्कार’. असले फोटो मी पुष्कळ पाहिलेत. त्यातल्या दोघांबरोबर तर नंतर लग्नात पंगतीला बसून जेवलेय. म्हणून मी शिरीषचाच नंबर लावला. बिझी. पुन्हा लावला, पुन्हा बिझी. मेलेला माणूस बिझी कसा असेल? नावाखाली पाहिलं, तर ‘ऑनलाइन’. झालं! मी टाइप केलं, “अफवा आहे. शिरीष आत्ता फोनवर बोलतोय, ऑनलाइनही आहे. मी खात्री केली आहे. कुणीही निघू नये.”

त्याचा फोन त्याच्या बायकोच्या, नीलिमाच्या हातात होता. ती त्याच्याच फोनवरून एकेकाला कळवत होती. साडेअकराला तिने मला विचारलं, “आत्या, कुठवर आलात?” मी म्हटलं, “कुठे यायचंय?” “आत्या, एक वाजता उचलायचंय हो त्यांना,” ती म्हणाली... तेव्हा मला कळलं.

शिरीष माझा भाचा, धाकट्या भावाचा मुलगा. भावाच्या सतत बदल्या, म्हणून पाचवी ते दहावी तो देवळाली प्रवऱ्याला माझ्याकडे राहिला, माझ्याच शाळेत शिकला. तेव्हा मी तिशीतली, हातात छडी आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा चेहरा. वर्गात कुणी ‘बाई, ह्याने असं केलं’ म्हणत आलं, की माझा ठरलेला प्रश्न असे, “तू स्वतः पाहिलंस का?” त्या बाईचा मला आज हेवाही वाटतो आणि हसूही येतं. पुढे हातात मोबाईल आला आणि ती बाई कुठे पळाली कोण जाणे.

शिरीष मोठा झाला, बंगळुरूला गेला. जगभरची माणसं जिथे आपले फोटो आणि भांडणं टाकतात अशा एका कंपनीत बडा साहेब झाला. मला त्याचं काम कधी नीट कळलं नाही. एका दिवाळीला तो आला होता. त्या आठवड्यात मी ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा’ असा मेसेज फोटोसकट चाळीस ठिकाणी पाठवून धन्य झाले होते. तिसऱ्या दिवशी चौकात लोकांनी एका घोंगड्या विकणाऱ्याला धरलं. शिरीषने मला स्कूटरवर बसवून तिथे नेलं. तो माणूस स्वतःच्याच घोंगड्यांच्या गठ्ठ्यावर बसला होता. ओठ फुटलेला. आणि गर्दीतला माझाच एक विद्यार्थी मला अभिमानाने म्हणाला, “बाई, तुमच्या मेसेजमुळं सापडला!”

घरी येऊन शिरीषने स्कूटर लावली. मग ओट्याशी टेकून म्हणाला, “आत्या, पुढे पाठवायचं बटण आणखी सोपं करायचं ठरलं, त्या मीटिंगमध्ये मीही हात वर केला होता.”

“मग छडी तुलाच द्यायला हवी!”

त्याने खरोखर तळहात पुढे केला. केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. मी त्यावर करंजी ठेवली. दुसरं काय करणार?

तेव्हा तो जे बोलला ते मला अजून आठवतं. “पूर्वी बातमी सायकलवरून यायची. वाटेत तिची निम्मी आग विझायची. माणसाला थांबायला जी दोन मिनिटं मिळत, ती आम्ही काढून घेतली. त्या यंत्राला माणूस कळत नाही आत्या, फक्त बोट कळतं.” मग मला नियम घालून दिला, “काहीही पाठवण्याआधी एक फोन करायचा. तूच शिकवलंयस ना, स्वतः पाहिलंस का?” पुढे आमच्या शाळेत त्याने हेच भाषणात सांगितलं, तर एका मुलीने विचारलं, “मग सर, तुम्ही नोकरी का सोडत नाही?” तो म्हणाला, “बाहेरून ओरडणारे खूप आहेत. आत कुणीतरी नको म्हणणारं हवं.” हे त्याचं मन बोललं की पगार बोलला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता विचारायचं कुणाला?

माझ्याकडे जेवायला बसलं, की तो सगळ्यांचे फोन पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावायचा. डबा भुंग्यासारखा गुणगुणायचा, आणि सगळ्यांत आधी नजर जायची ती त्याचीच! मी म्हणायचे, “शिऱ्या, आमटीकडे बघ.” तो लाजायचा.

त्या दिवशी मी केडगावला, अलीकडे तो राहायला आला होता त्या घरी पोचले तेव्हा त्याची परदेशातली लेक मोबाईलच्या पडद्यावरून बापाला पाहत होती. हुंदके देत होती, पण पाहत होती. आणि राजूरचा गोविंद, त्याचा हॉस्टेलमधला जिवलग, घरचाच म्हणून आमच्या ग्रुपवर घेतलेला, तो मात्र नव्हता. ग्रुपवरचा फोटो पाहताच मोटारसायकलवर निघालेला गोविंद वाटेतल्या अकोले गावात माझा मेसेज वाचून माघारी फिरला होता. खरं कळून पुन्हा निघाला, तोवर इकडे सगळं आटोपलं होतं. ते यंत्र वाईट म्हणावं, तर लेकीला बाप दिसला. चांगलं म्हणावं, तर मित्राला मित्र दिसला नाही. आणि मी तर नियम पाळला होता ना? फोन केला होता... मग चुकलं कुठे? रोज रात्री जेवताना फोन डब्यात टाकते आणि डब्यालाच विचारते.

तेराव्याला गोविंद आला. मी हात जोडले. तो माझ्या शेजारी सतरंजीवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “आत्या, समद्यांसाठी त्यो पहाटं गेला. माझ्यासाठी दुपारपत्तुर जिता हुता, तुमच्यामुळं. अकोल्यात च्या प्यालो, हसलो बी, म्हनलं उद्या फोन करून शिव्या घालतो त्येला. आता ह्याचा राग धरू का उपकार मानू, मला न्हाई कळत. तुमाला कळलं तर फोन करा... मेसेज नगं.”