चिंधाचा पिक्चर

सुरतेत भेस्तानच्या त्या लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, एके काळी शुक्रवारचा पिक्चर शनिवारी लागायचा, आणि त्याला तिकीट नसायचं. लावणारा चिंधा. शुक्रवारी नवा पिक्चर पहिल्याच दिवशी बघून यायचा आणि शनिवारी सकाळी सात वाजता, आपल्या आठ लूमच्या मधल्या गल्लीत उभा राहून तो सांगायला सुरुवात करायचा.

सांगायचा म्हणजे आवाज न काढता. अठ्ठेचाळीस लूम एकदम खडखडत असताना आवाज काढून उपयोग नसतो. खात्यातली माणसं ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. नवा कारीगर पहिले पंधरा दिवस ओरडून ओरडून घसा बसवून घेतो, मग आपोआप शिकतो. चिंधा शिरपूरकडच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आला, तेव्हा तोही असाच शिकला. पण इतर जण कामापुरतं बोलायचे. चिंधानं त्या मुक्या बोलण्यात अख्खे पिक्चर बसवले. एका हातानं तुटलेला धागा जोडत तो दुसऱ्या हातानं खलनायकाच्या मिशा वळवायचा. जेवणाची सुट्टी हाच इंटरव्हल. पलीकडच्या रांगेतला छगन तर म्हणायचा की थिएटरात जाऊन पैसे कशाला घालवायचे, चिंध्याचा पिक्चर जास्त चांगला असतो, गाणी कमी असतात.

या सगळ्यात चिंधाचे कान कधी गेले ते कुणाला कळलंच नाही, चिंधालाही नाही. लूम बंद पडली की त्याला तळपायातून कळायचं, शेठ काय म्हणतो ते तोंडावरून कळायचं. खात्यात तो बहिरा आहे हे सांगायला कुणाला सुचणार, तिथं सगळेच बहिरे होते.

कळलं ते थिएटरात. सगळे हसले आणि तो मागून हसला. मग हीरोनं पाठ फिरवली की त्याला काहीच समजेना. शेजारी बसलेल्या छगनला तो दर दोन मिनिटांनी विचारायला लागला, आणि स्वतःचा आवाज किती मोठा झालाय हे त्याला माहीत नव्हतं. मागच्या रांगेतल्या एकानं त्याच्या खांद्यावर थाप मारून ओठांवर बोट ठेवलं. चिंधा इंटरव्हललाच उठून आला. त्या शनिवारी खात्यात पिक्चर लागला नाही, त्यानंतरही लागला नाही. कुणी विचारलं तर सांगायचा की हल्लीच्या पिक्चरांत दम राहिला नाही. याला आता सहा वर्षं झाली होती.

कानाचं मशीनही करून झालं होतं. मुलगी धनश्री त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली होती. मशीन लावल्यावर चिंधाच्या कानात पुन्हा खातं सुरू झालं, फक्त खडखडाट, माणूस कुठेच नाही. आठवड्याभरात मशीन डब्यात गेलं.

घरात तो बोलणंच विसरला. ताटाकडे बघत जेवायचा, जमिनीकडे बघत बसायचा. बायको उषाबाई काही बोलली तरी त्याला पत्ता नसायचा.

आता मात्र एका शनिवारी चिंधा खात्यातून घरी आला तो काहीतरी ठरवून. झालं होतं असं की एक नवा साऊथचा पिक्चर हिंदीत येऊन तीन आठवडे झाले होते. जेवणाच्या सुट्टीत छगननं मोबाइलवर त्याची चोरीची कॉपी उघडली आणि चिंधाला दाखवली. कुणीतरी थिएटरात बसून लपूनछपून काढलेली. पडदा वाकडा, मध्ये कुणाचं तरी डोकं. चिंधानं डोळे बारीक करून बघितलं. चेहऱ्यांच्या जागी नुसते डाग. ओठ दिसेचनात.

छगननं मोबाइल खिशात टाकला आणि सगळ्यांना दिसेल असं ओठांनी म्हणाला, "चिंध्या, तुझा धंदा बसला. आता मोबाइलच सांगतो पिक्चर."

चिंधानं त्याच्याकडे रोखून बघितलं आणि तितक्याच सावकाश ओठ हलवले, "सोमवारी सात वाजता. हाच पिक्चर. मी सांगणार."

बोलून तर बसला. आता करायचं काय?

उत्तर धनश्रीकडे होतं. ती पर्वत पाटिया भागातल्या साड्यांच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर डिझाइन काढायची, आणि घरातला मोठा टीव्ही तिनंच आणला होता. तिनं त्याला मागंच सांगितलं होतं की आता नवे पिक्चर घरबसल्या भाड्यानं मिळतात. महाग असतात, थोडं थांबलं की तेच फुकटात येतात. पण चिंधाला थांबायचं नव्हतं. फुकटात आलेला पिक्चर सगळे बघणार, मग सांगायचा कुणाला? आणि घरच्या टीव्हीवर चेहरा स्वच्छ दिसतो, हवा तितक्या जवळून बघता येतो. त्यानं तिच्या हातात पाचशेची नोट ठेवली.

उषाबाईनं ते बघितलं. "पाचशे रुपये देऊन आपल्याच घरात, आपल्याच सतरंजीवर बसायचं?" ती धनश्रीला म्हणाली. "थिएटरवाला निदान एसी तरी देतो." चिंधा नोटेकडे बघत होता, त्याला यातलं काही कळलं नाही.

धनश्रीनं बटण दाबण्याआधी त्याच्यासमोर येऊन समजावलं. एकदा चालू केला की अठ्ठेचाळीस तास. त्यात कितीही वेळा बघा. सोमवारी रात्री आठला आपोआप बंद होणार. चिंधानं मान हलवली. टीव्हीपासून दीड हातावर मांडी घालून बसला.

पिक्चर समुद्रकाठच्या गावातला होता. होडीवाला तरुण, त्याची म्हातारी आई, गावातला एक पुढारी. चित्र इतकं स्वच्छ की होडीवाल्याच्या वरच्या ओठावरचा घामाचा थेंब दिसत होता. चिंधा पुढे वाकला. होडीवाला बोलायला लागला. चिंधाच्या कपाळावर आठी पडली. पुढारी बोलला. आठी वाढली. दहा मिनिटांनी त्यानं मागं वळून घराला हादरवणाऱ्या आवाजात आपल्या अहिराणीत सांगितलं, "हाऊ मानूस खोटं बोली ऱ्हायना. ह्याना ओठ निराळंच बोलतस."

हा माणूस खोटं बोलतोय, ह्याचे ओठ निराळंच बोलतात. धनश्रीनं कपाळावर हात मारून घेतला. पिक्चर मूळचा तेलुगू. हिंदी आवाज मागून भरलेला. ऐकणाऱ्याला तो हिंदी पिक्चर होता. पण चिंधा ऐकत नव्हता, तो ओठ वाचत होता, आणि ओठ पहिल्यापासून शेवटपर्यंत तेलुगूच होते. तिनं खाली अक्षरं लावून बघितली, तर ती फक्त इंग्रजीत. चिंधा चौथी शिकलेला, मराठी अक्षर लावून वाचायचा. तिनं त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, आणि म्हणाली की हे पैसे आता परत मिळणार नाहीत, पण आपण दुसरा, खरा हिंदी पिक्चर घेऊ, यावेळी पैसे मी देते.

चिंधानं मान हलवली. नाही. खात्यात त्यानं याच पिक्चरचं नाव घेतलं होतं. हाच बघणार.

आणि त्यानं तो बघितला. अडीच तास, एकही वाक्य न कळता, पापणी न लववता. कोण कुणाला घाबरतं, कोण कुणाकडे बघायचं टाळतं, एवढंच तो टिपत होता. एकदाच तो उडी मारून उठला आणि ओरडला, "पाणी! पाणी मागी ऱ्हायना!" टीव्हीतला होडीवाला त्याच क्षणी हिंदीत पाणी मागत होता. धनश्री चाटच पडली. बापाच्या शेजारच्या लूमवर गेली वीस वर्षं नरसय्या नावाचा तेलुगू विणकर होता, आणि उन्हाळ्यात तो दिवसातून दहा वेळा ओठांनी पाणी मागायचा. चिंधाला तेलुगूतला तेवढा एकच शब्द येत होता. पण तो चुकला नव्हता.

रविवारी खातं बंद. सकाळी चहा घेऊन चिंधा पुन्हा बसला. धनश्रीनं त्याला रिमोटचं एक बटण शिकवलं होतं, दाबलं की पिक्चर दहा सेकंद मागे. हे त्याला फारच पसंत पडलं. विणताना आडवा धागा तुटला की लूम हातानं थोडी मागे फिरवायची, तुटलेली जागा सापडेपर्यंत, आणि तिथून पुन्हा विणायला घ्यायचं. तो तसाच बसला, मागे घेत, पुढे सोडत. दुपारपर्यंत सगळ्या माणसांची नाती त्याला लागली होती. पुढारी होडीवाल्याचा सख्खा काका, हे त्यानं नाकावरून ओळखलं. पण बोलणं नव्हतं. बोलण्याशिवाय पिक्चर सांगायचा म्हणजे ताण्याला बाणा नाही, उभ्या धाग्याला आडवा धागा नाही.

धनश्रीनं सांगायचा प्रयत्न केला. पण ती वाकून, मोठ्यानं, एकेक अक्षर ताणून बोलायची, आणि ताणलेल्या ओठांचं चिंधाला काही कळायचं नाही. दोन प्रसंगांत दोघंही वैतागली. ती म्हणाली, आबा, तुम्हाला गोष्ट कागदावर लिहून देते. तो म्हणाला, कागद काय मिशा वळवतो?

स्वयंपाकघराच्या दारात उषाबाई हे सगळं बघत उभी होती. पदराला हात पुसत ती पुढे आली, धनश्रीला दंडाला धरून बाजूला केलं आणि टीव्हीला टेकून, चिंधाकडे तोंड करून बसली. "लाव पहिल्यापासून," ती म्हणाली.

लग्नानंतरची पहिली चार वर्षं उषाबाईनं त्याच खात्यात बॉबिन भरल्या होत्या. हे धनश्रीला माहीत होतं, पण त्याचा अर्थ तिला आज कळला. पिक्चर सुरू झाला. उषाबाई कानानं हिंदी ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, घाई नाही, ताण नाही. खात्यातलं बोलणं, तीस वर्षांपूर्वीचं, जसंच्या तसं. ती होडीवाला झाली, पुढारी झाली, पोलीस झाली. शिव्या आल्या की नुसती नाक मुरडायची. नटी रडायला लागली तेव्हा तिनं स्वतःचं मतही जोडलं, की ही बाई खोटी आहे, पुढं बघा. चिंधाची नजर टीव्हीवरून तिच्यावर आणि तिच्यावरून टीव्हीवर, मागातल्या धोट्यासारखी फिरत होती. मध्येच तो हसला. बरोबर वेळेवर, धनश्रीच्या आधी.

मग आईचा प्रसंग आला. होडीवाला काकाशी दोन हात करायला निघालाय, आणि आई त्याला भात वाढते आहे, अर्धी पाठमोरी. धनश्रीनं हिंदीत ऐकलं ते एवढंच, की जेवून जा. उषाबाईचे ओठ मात्र थांबले नाहीत. होडीवाला गप्प बसून जेवत होता आणि उषाबाई बोलतच होती, चिंधाच्या डोळ्यांत बघत.

"तू कानघाई बहिरा नही शे रे. तू देखसच नही मनाकडे."

कानानं बहिरा नाहीस तू, बघतच नाहीस माझ्याकडे. चिंधानं ते नीट वाचलं. आई मुलाला तू म्हणणारच, त्यात काही विशेष नव्हतं. उषाबाईनं त्याला कधी तू म्हटलं नव्हतं, तोंडानं किंवा ओठांनी. पिक्चर पुढे गेला. होडी पेटली, काका पळाला, शेवट झाला. उषाबाई उठली आणि भाकरी टाकायला आत गेली.

संध्याकाळी चिंधानं चौथ्यांदा लावला. आता त्याला कुणी नको होतं. सगळे संवाद त्याच्या डोक्यात होते, तो फक्त पाठ करून घेत होता. आईच्या प्रसंगाशी आला. दहा सेकंद मागे घेतलं. पुन्हा घेतलं. पडद्यावरच्या म्हातारीचे ओठ दोनदा हलत होते. दोनदाच. एवढ्याशा हालचालीत कुठल्याच भाषेतलं तेवढं बोलणं बसलं नसतं.

त्यानं पिक्चर थांबवला. आत उषाबाई पिठाचे हात धूत होती. तो उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय शे?" तिनं ओठांनीच विचारलं.

"काही नही," तो म्हणाला. "बोल."

ती पाच मिनिटं बोलली. मीठ संपलं, नळाचं पाणी उशिरा येतं, धनश्रीला बघायला येणार होते ते पुढच्या महिन्यात येणार. चिंधानं सगळं बघितलं, मान हलवली आणि मग परत येऊन उरलेला पिक्चर पूर्ण केला.

सोमवारी सात वाजता लूम सुरू झाल्या. चिंधा गल्लीत उभा राहिला. पहिली होडी त्यानं दोन्ही तळहातांची केली, समुद्र लुंगीच्या सोग्याचा. नरसय्यानं बघितलं, पलीकडच्या रांगेनं बघितलं. सहा वर्षांनी खात्यात पिक्चर लागला होता. काकाच्या मिशा वळल्या तेव्हा एक जण आपली लूम बंद पडलेली विसरला आणि मुकादमाला येऊन त्याला ढोसावं लागलं. आग लागायच्या आधी जेवणाची सुट्टी झाली, आणि कुणी डबा नीट खाल्ला नाही.

सुट्टीनंतर पहिला प्रसंग आईचा. चिंधा अर्धा पाठमोरा झाला, भात वाढला आणि मग वळून बोलला. सगळं बोलला, एकही शब्द न गाळता. नरसय्यानं गमछ्यानं तोंड पुसलं.

फक्त छगननं हात वर केला. त्याच्या ओठांवर शंका स्पष्ट होती. त्यानं मोबाइलवर दोनदा बघितला होता पिक्चर. आई असं काही बोलतच नाही.

चिंधानं तुटलेला धागा दाताखाली धरला, गाठ मारली, लूम चालू केली. मग सगळ्यांना दिसेल असं छगनकडे तोंड केलं.

"तू चोरीचा बघितलास," त्याचे ओठ म्हणाले. "पैसे दिले तरच आई बोलते."

आणि तो पुढे सांगायला लागला.