जाऊबाईंचा राजवाडा आणि माझा कबुतरखाना

पाच वर्षांपूर्वी मी फारच पोरकट होते. वय सदुसष्ट. आता बहात्तराव्या वर्षी तेव्हाचे फोटो पाहते तेव्हा वाटतं, हिला कुणीतरी कान धरून उभं करायला हवं होतं. विशेषतः लिनलिथगोच्या राजवाड्यासमोरचा तो फोटो. बाई गोड हसते आहे, आणि तिच्या पर्समध्ये जावेचा चष्मा आहे.

जाऊ म्हणजे धाकटी, माझ्या दिराची बायको. दोघीही आता विलायतेत, ती स्टॅनमोरला, मी कॉव्हेंट्रीला. मी त्या घरात आले दहावी होऊन. चार वर्षांनी ती आली एम.ए. होऊन, तेही इतिहासात. सासरे चळवळीतले. जयंतीला घरी कार्यकर्ते जमायचे आणि सासरे कौतुकाने ओळख करून द्यायचे, "ही धाकटी सून, एम.ए. इतिहास. आणि ही थोरली. हिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही." माणसं भली, दोन-दोन कप प्यायची. मी मात्र तो चहा चाळीस वर्षं गिळतेय.

म्हणून रिटायर झाल्यावर मी गुपचूप एका इतिहासाच्या वर्गाला नाव घातलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी, कॉम्प्युटरवर. शेवटी सर्टिफिकेट. मुलाने मोठ्या अभिमानाने घरच्या ग्रुपवर ती बातमी टाकली आणि तिसऱ्या दिवशी स्टॅनमोरहून फोन. "ताई, किती छान! मी पण नाव घातलं. आता आपण दोघी स्टुडंट!"

छान.

वर्गाची वीकेंडची सहल ठरली, स्कॉटलंडमधलं स्टर्लिंग आणि लिनलिथगो. तिथे प्रत्येकाने एकेका जागेवर उभं राहून आठ मिनिटं बोलायचं. ज्याची ईमेल आधी, त्याला हवी ती जागा. मला लिनलिथगोचा राजवाडा हवा होता. आयुष्यात एकदा राजवाड्यात उभं राहून मी बोलावं आणि धाकटीने खाली मान घालून लिहून घ्यावं, एवढीच इच्छा. मी ईमेल आधी वहीत मराठीत लिहिली, मग इंग्लिशमध्ये, मग नात शाळेतून येऊन स्पेलिंगं तपासेपर्यंत थांबले. तोवर राजवाडा गेला होता. कुणाकडे, ते सांगायला नको. माझ्या वाट्याला उरलं ते डूकट. म्हणजे चक्क कबुतरखाना. जुने जमीनदार खाण्यासाठी कबुतरं पाळायचे, त्यांचं दगडी गोल घर.

"आजी, कबुतरांचा घर! सो क्यूट!" नात म्हणाली.

"तुझ्या छोट्या आजीला राजवाडा मिळालाय."

"ओह," म्हणून ती हसू दाबत जिन्यावरून वर पळाली.

शनिवारी स्टर्लिंगमध्ये धाकटीने जिथे तिथे प्रश्न विचारले. आमची ट्यूटर स्कॉटिश, माझ्या थोरल्या नातीच्या वयाची. दर वेळी तिचे डोळे चमकायचे, "दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन!" किल्ल्यात, चर्चमध्ये, पुलावर. स्कोन खाताना सुद्धा.

रविवारी सकाळी गेस्ट हाऊसच्या खोलीत धाकटी आंघोळीला गेली. टेबलावर तिचे राजवाड्याचे कागद, त्यावर चष्मा. मी स्वतःशी म्हणाले, आठ मिनिटांचा तर प्रश्न आहे. एवढं अडखळली तर काय बिघडतं? आणि चष्मा पर्समध्ये टाकला.

"ताई, माझा चष्मा पाहिलात?"

"अगं, इथेच असेल. बेडखाली बघ बरं."

साठी ओलांडलेल्या बाईला मी गुडघ्यांवर रांगायला लावलं. वर फोनचा टॉर्चही धरला.

राजवाडा कधीच्या काळी जळलेला, नुसत्या उंच भिंती उरलेल्या, मधल्या चौकात कारंजं. आम्ही गोल करून उभे राहिलो. धाकटीने कागद काढले, लांब धरले, जवळ धरले. माझं काळीज नाचत होतं. ती ओशाळून हसली, सगळ्यांना चष्मा हरवल्याचं सांगितलं आणि म्हणाली, "माय सिस्टर विल रीड इट."

आणि कागद माझ्या हातात!

तर अशी मी राजवाड्यात उभी राहिले आणि तिचं लिहिलेलं वाचलं. आणि ते चांगलं होतं हो, हीच तर पंचाईत. राजाराण्यांना तिने दोन ओळींत उरकलं होतं. बाकी सगळं स्वयंपाकघरात राबणाऱ्या, बादल्या घेऊन गोल जिने चढणाऱ्या बायकांबद्दल. एक ओळ तर मी न राहवून दोनदा वाचली. टाळ्या पडल्या. ट्यूटरने धाकटीचे दोन्ही हात धरले, "ब्युटिफुली रिटन!" मग माझ्याकडे वळून, "लव्हली रीडिंग व्हॉइस." पुन्हा चहाच.

कबुतरखान्यापर्यंत चालत जाताना माझ्यातली सगळी हवा गेली. बुटक्या दारातून एकेक जण वाकून आत शिरला. खालपासून वरपर्यंत भिंतीत दगडी खण, वर छपराला भोक. मी उंची सांगितली, भोकाचं कारण सांगितलं आणि तीन मिनिटांत गप्प झाले. कुणीतरी गारठ्याबद्दल बोललं.

तेवढ्यात मागून धाकटी म्हणाली, "इतकी कबुतरं खायची तरी काय?"

"दुसऱ्याचं!" मी खेकसले, मराठीतच. मग इंग्लिशमध्ये सांगावं लागलं. कबुतरं जमीनदाराची, दाणे कुळांच्या शेतातले, आणि कुळाने कबुतर मारलं तर शिक्षा कुळालाच. ते सांगता सांगता माझं आजोळ आठवलं. तिथे पाटलाची गुरं आमच्या माणसांच्या जोंधळ्यात शिरायची आणि मार खायचा हाकलणाऱ्याने. माझी आजी राखणीला बसायची, हातात काठी, पण ती उगारायची नाही. मी बोलत सुटले. इंग्लिश कुठे मोडलं, कुठे जुळलं, कळलं नाही. वर्गातला एक रिटायर्ड बस ड्रायव्हर त्या खणांकडे बघत उभा राहिला तो हलेचना. मी थांबले. ट्यूटरचे डोळे ओले होते. तिने नाक पुसलं आणि धाकटीकडे वळून म्हणाली, "दॅट वॉज सच अ ग्रेट क्वेश्चन!"

परतीच्या ट्रेनमध्ये धाकटी टॉयलेटला गेली तेव्हा मी चष्मा तिच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात सरकवला. ती आली, बॅगेत हात घातला, भलतीच निळी डबी काढली, तिच्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मासिक उघडलं.

मी विचारलं, "दुसरा होता?"

"दोन असतात माझ्याकडे, नेहमी."

"मग सकाळी?"

"तुम्हाला राजवाडा हवा होता ना, ताई. तुमच्या नातीने सांगितलं मला." तिने पान उलटलं. "शिवाय मी बेडखाली वाकले तेव्हा खुर्चीवर तुमची पर्स उघडीच होती."

सॉरी म्हणायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते वेगळंच. "मग उगाच कशाला रांगत बसलीस?"

"तुम्ही इतक्या मनापासून टॉर्च धरला होतात," ती म्हणाली, "तुमचं मन मोडवेना."

खिडकीबाहेर बेरिकचा समुद्र लागला होता. मी तिकडे तोंड फिरवलं. थोरली मी, आणि मोठेपणा करून बसली ती. एम.ए.चा राग मी एखाद दिवशी सोडलाही असता. हा नाही सोडणार.