वाढत्या अंगाची गाडी

जगातली प्रत्येक वस्तू बनवणारा माणूस हात आखडता घेऊनच ती बनवतो, असं ठामपणे मानणारा गृहस्थ अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. लेकरांना कपडे घेताना आपल्याकडं ‘वाढत्या अंगाचे’ घेतात. गणवेश यंदा ढगळ, पुढच्या साली बरोबर आणि त्यानंतर धाकट्याला. आमच्या साडूंनी हा नियम लेकरांपुरता ठेवलाच नाही. स्वतःच्या लग्नातला कोट त्यांनी वाढत्या अंगाचा शिवला. आज पोट सुटल्यावरही ते त्यात मावतात आणि शेजारी आणखी एकाची सोय होते. घरात माणसं मोजकी, पण कुकर पंगतीचा. त्याच्या तळाशी वाटीभर डाळ शिजताना तिला फार एकटं वाटत असणार. घर बांधलं तेव्हा दाराची चौकट बघून सुतारानं विचारलं, “साहेब, हत्ती बांधायचाय का?” साडू शांतपणे म्हणाले, “आज नाय. उद्याचं कुणी सांगावं?”

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. गणित घेऊन बी.एस्सी. झालो, हे मी कधी लपवत नाही. विषय निघाला नाही तर स्वतः काढतो. त्यामुळं साडूंच्या गाडीची चाकं बदलायची ठरली तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. चाकं बदलायचं कारणही तसंच होतं. साडूंकडंच राहणाऱ्या आमच्या सासूबाईंचं माहेर फर्दापूर. तिथं त्यांचा एकुलता भाऊ अंथरुणाला खिळलेला. “एकदा त्याला डोळ्यांनी बघू द्या. पण बसनं माझी कंबर टिकत नाय,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि साडूंनी शब्द दिला होता, “आई, पोटातलं पाणी हलणार नाय असं नेतो.” आता त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पाणी हलू द्यायचं नाही तर चाकं मोठी हवीत, हे साडूंचं शास्त्र.

जालना रोडच्या दुकानात त्यांनी सोळा इंची चकचकीत रिमा पसंत केल्या. जुन्या पंधराच्या होत्या. मी समजावलं, “हे बघा, रिम वाढली की टायरची भिंत तेवढी उतरवायची. म्हणजे चाकाची एकूण उंची होती तेवढीच राहते. आपला जुना टायर १८५/६५ चा, यातला पुढचा आकडा भिंतीचा. सोळाच्या रिमला १९५/५५ घेतला की हिशेब जुळतो.”

साडूंनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “पासष्टचं पंचावन्न? चाक मोठं घ्यायचं अन् टायर बारका? हे कॉलेजात शिकवतेत व्हय?”

दुकानदारही म्हणाला, “साहब, भाई सही बोलरे. बडा डाले तो मोड पे अंदर घिसता.”

“घासू द्या की. नवी चप्पल नाय का चावत आधी? मग बसते आपसूक.” आणि त्यांनी २०५/६५ चे टायर बसवून घेतले. गाडी टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. साडू तिच्याभोवती फेरी मारून म्हणाले, “लई दिवसांनी गाडीनं श्वास घेतला बघा.”

जायच्या दिवशी सासूबाई पहाटेपासून ठेवणीतली साडी नेसून तयार. भावासाठी बेसनाचे लाडू डब्यात. गाडी एवढी उंच झालेली की त्यांना चढवायला देवघरातला पाट आणावा लागला. गल्लीच्या तोंडाशी साडूंनी स्टिअरिंग फिरवलं आणि खालून असा खर्रर्र आवाज आला, की चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊनच उभी राहिली. पुन्हा वळवलं, पुन्हा खर्रर्र.

“काय नाय, फर्दापूर सरळच आहे,” साडू म्हणाले.

“आणि अजिंठ्याचा घाट?” मी विचारलं. “तो तुमच्यासाठी सरळ केलाय का?”

साडूंनी गाडी थांबवली. सासूबाईच म्हणाल्या, “राहू द्या, पाव्हणं. माझ्यापायी गाडी फाटायला नको. नशिबात असंल तर जाईन.” घरी परतल्यावर त्यांनी साडी बदलली, घडी घालून कपाटात ठेवली. लाडवांचा डबा मात्र मांडीवर धरून बसल्या. साडू दारातून ते बघत होते. त्या हत्ती मावेल अशा दारात मला ते पहिल्यांदाच लहान दिसले.

त्याच सकाळी टायरचं दुकान उघडायच्या आधीच आम्ही शटरपुढं उभे. दुकानदारानं विचारायच्या आधीच साडू बोलले, एकेक शब्द दाढ उपटल्यासारखा काढत, “बरोबर... मापाचे... द्या.”

दुपारी त्याच साडीत सासूबाई पुढच्या सीटवर होत्या. घाटाच्या प्रत्येक वळणावर साडू कान देऊन ऐकायचे, आवाज आला नाही की माझ्याकडं न बघता मान हलवायचे. पदवीचा एवढा मोठा सत्कार माझा दुसऱ्या कुणी केलेला नाही. फर्दापुरात भावानं बहिणीचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. लाडू त्याला चावेना, तर तिनं दुधात कुस्करून भरवला.

निघताना अंगणातच सासूबाईंच्या चपलेचा पट्टा तुटला. साडू लगबगीनं गेले आणि चौकातून नवी चप्पल घेऊन आले. सकाळचा धडा ताजा होता. जुन्या चपलेला जुळवून, तंतोतंत मापाची आणली होती. सासूबाईंनी ती पायात घातली, दोन पावलं चालल्या, मागं खिडकीतून बघणाऱ्या भावाकडं एकदा वळून पाहिलं.

“जरा वाढती घ्यायची की, पाव्हणं,” त्या म्हणाल्या. “पुढल्या दिवाळीला परत यायचंय ना मला.”

माप बरोबर आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. साडू खाली बसले, सासूबाईंच्या पायातली चप्पल हलक्या हातानं काढली आणि ती घेऊन पुन्हा चौकातल्या दुकानाकडं चालू लागले.