हरणीची फुंकणी

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे इंजिन जोडून झाल्यावर उरलेले नट. ते कुठले, हे कुणालाच सांगता येत नाही, पण टाकवतही नाहीत. दुसरी म्हणजे किस्से! बापूच्या गॅरेजात नटांनी पत्र्याचा एक डबा भरला होता. किश्शांचा डबा माझ्याकडं राहिला, कारण उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप बापूच्या भिंतीला लागून होतं. त्या भिंतीतली एक वीट निघालेली होती. त्या भोकातून बापू पाना मागायचा, आणि बातम्याही त्यातूनच यायच्या.

पोरं जमली की म्हणतात, "काका, तो टर्बोचा किस्सा सांगा की." मी म्हणतो, कुठला? भरतच्या गाडीला टर्बो कुठला बसवायचा, यावर आमच्यात वर्षभर महाभारत चाललं होतं!

हायवेचं चौपदरीकरण चालू होतं ते दिवस. भरत म्हणजे शिरोली एमआयडीसीत ॲल्युमिनियमची फाउंड्री असलेल्या आप्पांचा एकुलता एक मुलगा. आप्पांनी कामासाठी एक पांढरी सेडान घेतली आणि भरतनं तिचं वाटोळं करायला घेतलं, असं आप्पांचं म्हणणं. सायलेन्सर बदलून झाला, स्प्रिंगा कापून झाल्या. बापूनं गाडीचं नाव ठेवलं 'हरणी'. मग एके दिवशी भरतच्या डोक्यात टर्बो शिरला.

आप्पा गॅरेजात आले तेव्हा बापूनं त्यांना समजावलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो, तो पंखा इंजिनात जादा हवा कोंबतो. जादा हवा, जादा ताकद.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे फुंकणी," ते म्हणाले. "चुलीत फुंकलं की जाळ वाढतोय. ह्यात नवीन काय हाय?"

आमचा विषयच संपला! पण भरत काही मागं हटेना. शेवटी आप्पांनी अट घातली.

"हे बघ भरत. फुंकणी बसव. मग एक दिवस मला गाडीतनं निपाणीला न्यायचं. वाटंत बॉनेट उघडायचं न्हाय. आन अंथऊच्या आत घरात आणून सोडायचं. जमलं, तर गाडी तुझी. न्हाय जमलं, तर गाडी बाजारात आन फुंकणी आपल्या भट्टीत!"

अंथऊ म्हणजे जैनांच्या घरातलं सूर्य मावळायच्या आत उरकायचं जेवण. आप्पांनी तो नेम चाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. सूर्य बुडाला की घास नाही, मग समोर कुणाचंही ताट असो.

आप्पा गेल्यावर मी भरतला विचारलं, "भट्टीत खरंच घालतील?"

"गेल्या साली माझी ॲल्युमिनियमची मॅग व्हीलं घातली की," भरत म्हणाला. "त्यातनं पंपाची झाकणं निघाली. चांगली निघाली म्हणत होते."

* * *

पहिला टर्बो आणला मल्लूअण्णांनी. अण्णा निपाणीकडचे, भंगारातल्या पार्टचे व्यापारी. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचे आणि भाव करताना दोन्ही विसरायचे. त्यांनी पोत्यातून टर्बो काढला तो दहा चाकी ट्रकचा! कळशीएवढा. भरतनं तो लेकरासारखा उचलून घेतला.

बापू म्हणाला, "तेराशे सीसीचं इंजिन हाय गड्या. बशीवर परात झाकतोस व्हय?"

पण भरतला मोठंच पाहिजे होतं. तो इंजिनाला बसावा म्हणून मी लेथवर जोडपट्टी फिरवून दिली. पहिली चुकली, दुसरी चुकली, तिसरी बसली. त्या दोन माझ्या खिडकीत अजून आहेत, अगरबत्ती लावायला बऱ्या पडतात.

ट्रायलला आम्ही चौघं निघालो. रंकाळ्याच्या काठानं भरतनं पाय दाबला. काही नाही. अजून दाबला. तरी काही नाही! एक सायकलवाला आमच्याकडं दयेनं बघत पुढं गेला. फुलेवाडीत पोचलो आणि तिथं, अगदी स्पीडब्रेकरच्या तोंडावर, हरणीला एकदम जोर आला! चौघांची डोकी टपाला लागली.

"ह्याला लॅग म्हणत्यात," डोकं चोळत भरत म्हणाला. "मोठा पंखा हाय. फिराय वेळ लागतोय."

"लॅग म्हंजे काय री?" अण्णांनी विचारलं.

बापू म्हणाला, "सरकारी काम. अर्ज रंकाळ्यावर दिला, मंजुरी फुलेवाडीत आली!"

* * *

मग भरत नेट कॅफेतून एक कागद छापून घेऊन आला. टर्बोचा नकाशा! कुठला टर्बो किती हवेला किती काम देतो, याचा तो आलेख. एकात एक गुंतलेली रेषांची वेटोळी, डोंगराच्या नकाशावर असतात तशी. भरतनं तो बॉनेटवर पसरला आणि पेन्सिल घेऊन आकडेमोड करत बसला. मल्लूअण्णा चहा घेऊन शेजारी उभे राहिले.

"जागा चढाची दिसतीया," अण्णा म्हणाले.

भरतचं डोकं आकड्यांत. "आपल्याला ह्या मधल्या बेटात बसायचंय अण्णा. मोठ्या टर्बोत बेटाच्या भाईरच जातोय."

"बेटात? आन पूर आला म्हंजे? एनए तरी हाय काय?"

आता घोळ असा, की टर्बो नसलेल्या इंजिनाला गाडीवाले 'एनए' म्हणतात आणि बिगरशेती केलेल्या प्लॉटलाही सगळा महाराष्ट्र 'एनए'च म्हणतो.

"आत्तापतुर एनएच होती की," भरत म्हणाला. "आता ती एनए ठेवायची न्हाय, असं ठरलंय."

"यप्पा!" अण्णांच्या हातातला चहा हिंदकळला. "एनए करून घ्यायला लोकांच्या चपला झिजत्यात, आन तू हाय ते घालवतोस? आप्पांना म्हाईत हाय काय?"

"आप्पांनीच परवानगी दिलीया."

अण्णा कप ठेवून तडक निघून गेले. मला आणि बापूला सगळं कळत होतं, पण आम्ही गप्प बसलो. असला योग रोज येत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गॅरेजच्या दारात उभे. चेहरा गंभीर.

"भरत, मल्लू काल फाउंड्रीवर आलता. मालक, दुसऱ्याला देऊ नका, मीच घेतो म्हणाला. आपला बेटावरचा प्लॉट कुठं हाय रं?"

* * *

तो मोठा टर्बो गेला आप्पांच्या हातानं. तेही भट्टीशिवाय.

टर्बोचा एक नियम असतो. गाडी जोरात पळवून आणली की लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे आतला पंखा गार होतो. नाहीतर तापलेलं ऑइल आतच जळतं आणि पंखा जाम होतो. बापूनं हे भरतला अगदी देवाची शपथ घालून सांगितलं होतं. भरत रोज घरासमोर गाडी लावायचा, इंजिन चालू ठेवायचा आणि आत जाऊन पाणी प्यायचा.

आणि आप्पा रोज व्हरांड्यातून उठायचे, खिडकीतून हात घालायचे, चावी फिरवून गाडी बंद करायचे!

गाडीत माणूस नाही आणि इंजिन चालू, हे त्यांना बघवायचंच नाही. "पेट्रोल काय नळाला येतंय व्हय?" भरत बाहेर येऊन डोक्याला हात लावायचा. समजावून सांगायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आप्पांचा हात मेंदूला न विचारता चालायचा.

पंधरा दिवसांत टर्बोचा पंखा जाम झाला. भरतनं तो काढून आप्पांच्या पुढ्यात ठेवला. रडायचाच बाकी होता बिचारा. खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं. माझी तीन जोडपट्ट्यांची मेहनत गेली होती त्यात.

आप्पांनी टर्बो हातात तोलून बघितला. म्हणाले, "माल चांगला हाय रं. वितळंल बघ मस्त."

* * *

आता बापूची पाळी. त्यानं मुंबईच्या जुन्या बाजारातून एका छोट्या जपानी गाडीचा टर्बो मागवला. फडक्यातून सोडला तर आमटीच्या वाटीएवढा! भरतचं तोंड पडलं.

"ह्यो टर्बो हाय? ह्यो तर हुपरीच्या चांदीच्या पैंजणाला लावायचा घुंगरू हाय!"

बापू रागावला. एरवी शिव्या देऊन मोकळा होणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"घुंगरू लहान असतंय, पण पाय हलला की वाजतंय. तुला पायजे ती देवळाची घंटा. आवाज मोठा, पण वाजवाय पुजारी यायला लागतोय! तुझ्या आप्पांना निपाणीला न्यायचंय का चंद्रावर?"

भरत दोन दिवस गॅरेजात फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, म्हणाला, "बसवा घुंगरू." पण आवाज येतो अशी एक झडप तरी लावा, एवढी अट त्यानं घातलीच. पाय उचलला की जादा हवा 'फुस्स' करून सोडणारी झडप. बापूनं कपाळाला हात लावला आणि लावून दिली.

आणि घुंगरू वाजलं! पाय दाबायचा अवकाश, हरणी निघाली. ना अर्ज, ना मंजुरी.

भरत खूश होऊन आम्हाला सकाळी सकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध पाजायला घेऊन गेला. कट्ट्याला म्हशी उभ्या, गवळी धार काढतोय, माणसं ग्लास धरून थांबलीत. भरतनं ऐटीत गाडी आणली, एकदा पाय दाबला आणि उचलला.

फुस्स!

म्हशीनं लाथ घातली. चरवी आडवी, गवळी उताणा! दुसऱ्या म्हशीनं शेपूट वर करून दूध आवरून धरलं ते धरलंच. गवळी उठला, अंग झाडलं आणि खिडकीशी आला.

"पावणं, बॉनेटमधी नाग पाळलाय काय?"

"न्हाय ओ मामा, टर्बो हाय, लहानच हाय," भरत काकुळतीला आला.

"लहान हाय? मग मोठा झाल्यावर आनू नका हिकडं!"

भरतनं तासभर त्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं काही पान्हा सोडला नाही. आम्ही चहा पिऊन परत आलो.

* * *

शेवटी निपाणीचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस, सूर्य लवकर बुडायचा. पुढं भरत आणि आप्पा, मागं मी आणि मल्लूअण्णा. आप्पांनी बसल्या बसल्या सांगितलं, "साठच्या वर काटा जायला न्हाय पायजे." भरतनं मान डोलावली. आम्ही बैलगाडीच्या चालीनं निपाणीला पोचलो. काम झालं. बॉनेट उघडलं नाही. परतीला वेळही भरपूर होता.

आणि कागलच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी! रस्त्याचं काम चालू, एकच बाजू मोकळी, दोन्हीकडं रांगा. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. आप्पा सारखे डावीकडं बघत होते. तिकडं सूर्य खाली चालला होता. भरत खिडकीतून मान काढून पुढची रांग बघत होता. गाडी तर जाणारच होती, पण त्याला त्याहून जास्त आप्पांच्या नेमाचं लागलं होतं. चाळीस वर्षांचा नेम आपल्या गाडीत मोडणार!

एकदाची वाट सुटली. भरत निघाला, काटा बरोबर साठवर.

थोडा वेळ गेला. आप्पा खाकरले.

"भरत."

"काय आप्पा?"

"ती तुझी फुंकणी चालू कर की."

मागं अण्णांनी माझा गुडघा घट्ट धरला.

"तिला बटन न्हाय आप्पा. पाय दाबला की चालू हुतीया. पर काटा साठच्या वर..."

"मग दाब की! सूर्य थांबतोय व्हय तुझ्यासाठी?"

भरतनं पाय दाबला! ऊस मागं, ट्रक मागं, गोकुळ शिरगाव कधी गेलं कळलं नाही. आप्पांनी एका हातानं वरची कडी धरली होती आणि ओठांत णमोकार चालू होता. मध्ये कुठं भरतनं पाय उचलला की 'फुस्स' व्हायचं, आणि आप्पा मंत्र थांबवून म्हणायचे, "का सोडलास?"

घरासमोर गाडी थांबली तेव्हा समोरच्या पाण्याच्या टाकीच्या वर सूर्य दोन बोटं होता. काकी, म्हणजे भरतची आई, दारातच ताट घेऊन उभ्या होत्या. इंजिन चालू, सायलेन्सर कडकड वाजतोय, भरत घामानं भिजलेला, उतरायचंही भान नाही.

आप्पा उतरले. धोतर सावरत झपाझप गाडीला वळसा घालून निघाले. भरतच्या खिडकीपाशी आले आणि सवयीनं त्यांचा हात आत गेला. थेट चावीवर!

मी डोळे मिटले. अण्णा म्हणाले, "यप्पा!"

हात चावीवर थांबला. आप्पांनी एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा बॉनेटकडं. मग हात बाहेर काढला.

"असू दे," ते म्हणाले. "तिचंबी अंथऊ हुंदे."