राजाचा हात आणि क्रेनचा पडदा

कप जरा खाली ठेवा बरं. मागे हा किस्सा ऐकताना एका मित्राला ठसका लागला आणि माझा पांढरा सदरा कायमचा बदामी झाला. आता कसं सांगू तुम्हाला, मी एक अख्खं संगीत नाटक एकट्यानं झाकलेलं आहे! पाडलं नाही हो, नाटक पाडणारे पुष्कळ असतात. झाकलं. वरून. ताडपत्रीनं.

लढाईचे दिवस होते. आमची जबलपूरची फॅक्टरी दिवसरात्र धडधडत होती आणि मी तिथं क्रेन चालवत होतो. शेडच्या छताशी रूळ, रुळांवर क्रेन, क्रेनला लटकलेली काचेची केबिन, आणि केबिनमध्ये मी. मोटर कानाशीच घूंऽऽ करायची, त्यामुळे खालचं काही म्हणता काही ऐकू येत नसे. म्हणून क्रेनवाल्याशी कोणी बोलत नाही, हात करतात. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. पंजा पालथा करून खाली दाबला की सोड. हात लांबवला की त्या दिशेला चल. आणि मूठ आवळली की थांब. मूठ उघडत नाही तोवर हलायचं नाही. एवढं आलं की क्रेनवाला पंडित झाला!

हे सगळं मला शिकवलं आमचे फोरमन पांढरीपांडे यांनी. एवढं लांब आडनाव हिंदीवाल्यांना झेपत नसे. ते ‘पांडेजी’ म्हणत आणि हे चिडत.

या पांढरीपांडेसाहेबांचा जीव एका जुन्या संगीत नाटकात अडकला होता. राजाचं राज्य जातं, राणी अरण्यात हरवते आणि राजा गात गात तिला शोधतो. नाटकाचं नाव नाही सांगत. ज्यानं लिहिलं त्याला वर तरी सुखानं राहू द्या.

तर झालं काय, एका लग्नात नागपूरच्या पाहुण्यांनी साहेबांना चिडवलं होतं, “तुम्हा जबलपूरवाल्यांची मराठी म्हणजे हिंदीनं लुगडं नेसल्यासारखी!” साहेबांनी तिथल्या तिथं जिलबीचं ताट सरकवलं आणि उठले. त्या दिवसापासून एकच ध्यास: हे नाटक नागपूरच्या स्टेजवर करून दाखवायचं, आणि राजा स्वतः व्हायचं. खटपट करकरून त्यांनी तिथल्या नाट्यस्पर्धेचे परीक्षक नानासाहेब यांना पटवलं. नानासाहेब म्हणाले, येतो, एक प्रयोग पाहतो. आवडला तर नागपूरला बोलावतो, नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही.

म्हणजे एकच प्रयोग. आणि अडचणी किती! क्लबच्या हॉलमध्ये खोकी रचलेली. हॉलचा मखमली पडदा ब्लॅकआउटसाठी फाडून खिडक्यांना लावलेला. संध्याकाळी दिवे लावायची बंदी. शेवटी फाटकाबाहेरच्या रिकाम्या शेडमध्ये, सुट्टीच्या दुपारी, नाटक ठरलं. तिथंही वर एक क्रेन होती. पडदा म्हणून ट्रकची ताडपत्री. ती दोघा-चौघांना हलेना, म्हणून लोखंडी पाइपाला बांधून क्रेनच्या आकड्याला अडकवली.

“वसंता, पडदा तुझ्याकडे,” साहेब म्हणाले.

“पण साहेब, मी स्टेजवरचं नाटक कधी पाह्यलंच नाही जी.”

“ऐकलं तर असशील?”

“रेडिओवर! हेच नाटक. पाठ आहे मले.”

“मग झालं तर! फक्त माझ्या हाताकडे पाहजो. बाजूनं कोणी नाचलं, कोणी बोंबललं, तिकडे पाहायचं नाही. काय?”

“समजलं. फक्त तुमचा हात.”

तालमीला मला कोणी बोलावलं नाही. क्रेनवाल्याला लढाईच्या कामातून सवड कुठली? पण मी हयगय करणारा माणूस नाही. घरी नीट विचार केला. माझ्या बायकोनं, प्रमिलानं, याच कथेचा सिनेमा पाहिला होता, कमानिया गेटजवळच्या बहिणीबरोबर, सकाळच्या खेळाला.

“सिनेमातला राजा हात किती हलवतो?” मी विचारलं.

“हात? हात दिसतातच कुठं! सगळ्या पडद्यावर नुसतं तोंड. भुवई एवढीशी हलली अन् सगळं थेटर रडलं.”

झालं! रेडिओवर हात नाहीत, सिनेमात हात नाहीत. म्हणजे या नाटकाला हात लागतच नाहीत. राजाचे दोन्ही हात रिकामे. तेव्हा राजाचा जो हात हलेल, तो माझ्यासाठी हलेल. तुम्हीच सांगा, हिशेबात कुठं खोट आहे?

“स्टेजवर वेगळं असेल हो,” प्रमिला म्हणाली.

“राजा तोच, राणी तीच. वेगळं काय असणार?”

बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणालो नाही, एवढी अक्कल होती.

प्रयोगाच्या दिवशी तिलवाऱ्याचा पूल ओलांडून नागपूरच्या बसनं नानासाहेब आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, पहिल्या रांगेत मधली खुर्ची. साहेबांनी स्टेजच्या कडेनं बोट फिरवलं, मी ताडपत्री अशी अलगद उचलली की टाळ्या पडल्या. मी वर बसल्या बसल्या मिशीला पीळ दिला.

राजा दरबारात आला. दरबारी उभे राहिले. राजानं पंजा पालथा करून खाली दाबला.

मला नवल वाटलं. इतक्यात पडदा? पण असेल अंक लहान, आपल्याला काय! सोडला.

मागाहून कळलं, राजा दरबाऱ्यांना ‘बसा’ म्हणत होता. ते बसले आणि प्रेक्षक उठले. “अरे भैया, इंटरवल हो गया क्या?” करत अर्धी मंडळी समोशांकडे गेली. तेवढ्यात ताडपत्री मधोमध फुगली, खालून साहेबांचं डोकं निघालं, मुकुट कानावर. बोट वर करून ते गरागरा फिरवू लागले. जोरात बोट म्हणजे जोरात उचल! उचलली. मुकुटासकट वर जाता जाता राहिले बिचारे.

बाजूला आमचा खलाशी, म्हणजे आकड्याला माल अडकवणारा गडी, उड्या मारमारून मला काहीतरी दाखवत होता. मी पाहिलं नाही. शब्द म्हणजे शब्द!

दुसरा अंक, अरण्य. आता मला तेव्हा ठाऊक नसलेली गोष्ट ऐका. साहेब तरुणपणी जुन्या नटांना पाहत वाढलेले. त्या नटांच्या रीतीनं राजा हाताशिवाय श्वाससुद्धा घेत नसे. सूर्य म्हटला की हात, चंद्र म्हटला की दोन हात! फोरमन म्हणून त्यांना क्रेनचे इशारे माझ्याहून जास्त पाठ. पण अंगावर राजाचे कपडे चढले की आतला फोरमन घरी जायचा.

राजानं प्रेक्षकांकडे हात लांबवला. ‘त्या घोर अरण्यात गेली माझी प्रिया!’ असं काहीतरी. मी आज्ञेप्रमाणे निघालो. ताडपत्री लोंबकळत प्रेक्षकांच्या डोक्यावरून निघाली. माणसं माना वर करून पाहू लागली. मग राजानं वाऱ्याला ‘हळू वाहा’ म्हणून विनवलं. पंजा पालथा, हळूऽहळू खाली. मीही हळूऽहळू सोडली. मालगाडीच्या डब्यावर पसरावी तशी ती पहिल्या दोन रांगांवर पसरली. नानासाहेबांसकट!

आणि नेमकं तेव्हा राजानं डोळे मिटले, मूठ आवळून छातीवर ठेवली आणि गाणं सुरू केलं.

मूठ! मी हात दांडीवरून काढून मांडीवर ठेवले.

गाणं विरहाचं, म्हणजे लांबलचक. मूठ काही उघडेना. इकडे हरवलेल्या राणीच झाडाआडून बाहेर आल्या. फॅक्टरीच्या टेलिफोनवरच्या सुमनताई त्या. माझ्याकडे पाहून हात जोडू लागल्या. पण राणीचा हात बघायचा नव्हता ना मला! मागच्या रांगांना हसावं की रडावं कळेना. गाणं संपलं.

आणि, हेही मागाहून कळलं, ताडपत्रीखालून आवाज आला, “वन्स मोअर!”

राजाला तेवढंच हवं होतं. डोळे न उघडता त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. मूठ तशीच.

शेवटी डोळे उघडले, तर पहिल्या दोन रांगा गायब! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोट वर केलं. तोंड जोरजोरात हलत होतं. मोटर चालू होती हे माझं भाग्य. मी ताडपत्री उचलली. नानासाहेबांची टोपी काळी झाली होती आणि धोतरावर ग्रीसचा काठ आला होता.

मी शिडीवरून धडपडत खाली आलो. साहेब सिंहासनावर मुकुट मांडीवर घेऊन बसले होते.

“साहेब, मी तर फक्त तुमचा हात...”

“हो रे,” ते हळूच म्हणाले. “तुझं काही चुकलं नाही. गेलं नागपूर.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो.

तेवढ्यात नानासाहेब चष्मा पुसत आले. “पांढरीपांडे, खरं सांगू? समोर बसलो होतो तोवर तुमच्या हातांच्या पवनचक्कीपुढं मला काही ऐकूच येईना. ताडपत्रीखाली गेलो आणि राजा पहिल्यांदा ऐकला. असला आवाज आमच्याकडे नाही.”

“अन् भाषा?” साहेबांनी घाबरत विचारलं.

“चोख. पण नागपूरच्या स्टेजवर मी तुम्हाला उभं करणार नाही. रेडिओवर बसवतो, तिथंही माझा शब्द चालतो. पुढच्या महिन्यात या.”

साहेबांनी मला मिठी मारली. राजवेषात! मिशी माझ्या गालाला चिकटून राहिली.

मग काय विचारता! मी शहपुऱ्याच्या बाजारापर्यंत सांगत सुटलो की जबलपूरचं नाटक रेडिओवर नेलं ते मी. ताडपत्री पडली नसती तर? नेमक्या माणसावर, नेमक्या गाण्याला पाडणं म्हणजे काय खायचं काम आहे? आभार मानताना माझं नाव येणार, हेही सांगून टाकलं.

मंडळी नागपूरला जाऊन रेकॉर्डिंग करून आली. लागायच्या दिवशी सगळे साहेबांच्या क्वार्टरवर जमलो. मी नवा सदरा घालून रेडिओच्या अगदी समोर. नाटक काय रंगलं! साहेबांचा सूर निघाला तेव्हा प्रमिलासुद्धा डोळे पुसत होती. नाटक संपलं. निवेदकानं नावं घ्यायला सुरुवात केली. राजा झाला, राणी झाली, पेटी झाली, तबला झाला, तंबोरा झाला. मी कॉलर नीट केली.

लगेच लढाईच्या बातम्या सुरू झाल्या.

सगळी खोली माझ्याकडे पाहू लागली.

“साहेब, काहून? माझं नाव काहून नाही घेतलं त्यांनी?”

पांढरीपांडेसाहेबांनी चष्मा काढला. “वसंता, आईशपथ, मी विसरलो नव्हतो. रेकॉर्डिंगच्या वेळी तंबोऱ्यापर्यंत नावं झाली ना, अन् मशीन चालू असताना बोलता येत नाही, तर मी काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्याले हात करकरून सांगून राहिलो होतो, ‘थांब, क्रेनवाल्याचं बी नाव आहे, क्रेनवाल्याचं बी नाव आहे!’”

“मग?”

“मग काय! तो बी बिचारा तुझ्याचसारखा. हात पाह्यला अन् मशीन बंद केली.”